आधी नासके, मग चांगले

मी एक जुनी बांबूची टोपली आहे, मित्रांनो, आणि सध्या माझे डोके फिरले आहे.

नरखेडजवळच्या एका गावात प्रयागबाईंनी मला विणले. बोटांत कुसळे जात होती, तरी त्यांनी माझी कड दोनदा पक्की केली. माझ्यातली फळे कोणी आवडीने खाईल, असे त्यांना वाटले असेल. मी आले हुडकेश्वरला, शोभाताईंच्या जेवणाच्या टेबलावर, आणि बसले नुसती मिरवत.

या घराचा नियम ऐका. चांगली संत्री पाहुण्यांसाठी. घरच्यांनी नासायला आलेले आधी संपवायचे. ते संपेपर्यंत दुसरे नासायला येते! बारा वर्षांत या घरात कोणी चांगले संत्रे खाल्लेच नाही. पाहुणे तरी कुठे खातात? चहा पिऊन जातात.

शोभाताईंची मुलगी मयुरा यंदा बारावीला आहे. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी चिप्सचे पाकीट, आणि चार वाजता गणित अडले की वही भिरकावते, आईवर खेकसते. शोभाताई म्हणतात, पोरगी तापट आहे. तापट कसली? पोटात धड काही नाही तिच्या! फळ खाऊन कोणी हुशार होत नाही, एवढे मलाही कळते. पण उपाशी डोके एका जागी बसेल कसे?

परवा शोभाताईंचे वडील भैयाजी एसटीने मृगबहाराची, पावसाळ्यात फुलून आता पिकलेली संत्री घेऊन आले. माझ्या तळाशी एक जुने, मऊ पडलेले होते. शोभाताईंनी सवयीने तेच मयुरापुढे ठेवले. पेपर आठ दिवसांवर आलेला. तिने ताटली ढकलली.

"मले नको. मले संत्रं आवडतच नाही."

"काहून वं?" भैयाजींनी विचारले.

"सडकं लागते. नेहमीच."

भैयाजींनी माझ्यातले सगळ्यात वरचे संत्रे उचलले. शोभाताई घाईने म्हणाल्या, ते पाहुण्यांसाठी आहे.

"पाहुणा मीच आहो नं, शोभा? मंग मायं संत्रं मी इले देऊन राहिलो."

मयुराने एक फोड खाल्ली, मग दुसरी. संत्रे संपवून तिने आणखी एक सोलले आणि वही उघडली. गणित लगेच सुटले नाही. पण अर्धा तास ती जागची हलली नाही, कोणावर ओरडलीही नाही.

तोवर शोभाताईंनी ते मऊ संत्रे मुकाट्याने आपल्याकडे ओढून सोलायला घेतले होते. त्यांना ते टाकवत नव्हते. इतकी वर्षे सगळ्यात नासके कोण खात होते, हे मला रोज दिसत होते, आणि मी राग धरला तो त्यांच्यावरच.

मयुराने ते त्यांच्या हातातून काढून कचऱ्यात टाकले. वरचे एक सोलून त्यांच्या हातात ठेवले.

"आई, तू बी चांगलं खाय."

मित्रांनो, या घराच्या नियमावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. माझी कड उसवली आहे, उद्या मला माळ्यावर टाकतील. टाकू देत. तुम्ही मात्र आपल्या घरातल्या टोपलीत एकदा डोकावून बघा. वरचे फळ कोणासाठी राखले आहे, आणि तळाचे आई तर खात नाही ना?