सरदाराची हनुवटी

न्हावीकाकांना हनुवटीबद्दल कुणी दोन शब्द शिकवावेत, ही गोष्टच त्यांना पटण्यासारखी नव्हती. उभा जन्म लोकांच्या हनुवट्या धरण्यात गेलेला. कुणाला पुटकुळ्या का येतात, कुणाचा केस आत वळून कातडीत रुततो, कुठे वस्तरा उलटा फिरवायचा नाही, सगळं बोटांना पाठ. आणि ही काल शिकून आलेली पोरगी, प्राण्यांची डॉक्टरीण, त्यांना सांगत होती की बोक्याच्या हनुवटीवर काळं काळं दिसतंय ती घाण नव्हे, मुरुमं आहेत.

“मांजराला मुरुमं?” काकांना हसू फुटलं. “मिशा फुटायच्या वयात आलाय का हा?”

“हा मिशा घेऊनच जन्माला आलाय, काका. जेवतो कशात?”

आता जेवायचं कशात! सरदार, चिमी आणि म्हातारी मावशी, घरातली तिन्ही मांजरं एकाच वाडग्यात तोंड घालायची. वाडगा काकांच्या दुकानातलाच, प्लास्टिकचा, चरे पडून पडून खरखरीत झालेला. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. वाडगा आधी फेकून द्या म्हणाल्या. प्रत्येकाला वेगळी स्टीलची वाटी, रोज घासलेली. कोमट पाण्यात कापूस भिजवून हनुवटी शेकायची, पुटकुळ्या दाबायच्या नाहीत, मग हे पातळ औषध टिपायचं. “आणि औषध वाळेपर्यंत त्याला बाकीच्या दोघींपासून लांब ठेवा. मांजरं एकमेकांना चाटतात.”

काका तेव्हा सरदाराला टोपलीत कोंबत होते आणि सरदार त्यांच्या बाहीला लोंबकळत होता. “हो हो,” म्हणाले. या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं, दुसरं काय!

खरं तर मांजरं काकांची नव्हतीच, बायकोची. त्यातली चिमी म्हणजे तर तिचा जीव की प्राण. डोळेही न उघडलेलं ते पिल्लू तिनं गटाराच्या कडेवरून उचलून आणलं होतं आणि ड्रॉपरनं दूध पाजून जगवलं होतं. घरात दोघंच माणसं, पोटी मूल नाही. काका दिवसभर दुकानात. बाई कुणाशी बोलायची, तर चिमीशी. काका चेष्टा करायचे, “माझ्याशी एवढं बोलली असतीस तर मी घरीच दुकान थाटलं असतं.” ती म्हणायची, “तुम्ही गिऱ्हाइकाचं ऐकता. ही माझं ऐकते.”

आता बायको इस्पितळात होती. पोटाचं ऑपरेशन नीट झालं, पण बाई काही खाईना. तोंड फिरवून पडून राहायची. अंगात ताकद आल्याशिवाय घरी सोडता येणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताकद यायची कुठून? काका दुपारी दुकान बंद करून जायचे आणि हातात सुपाचा चमचा धरून बसायचे. “चिमी काल तुझ्या उशीवर झोपली,” म्हटलं की एक चमचा आत. “तुझ्या शालीवरून उठवलं तर माझ्यावर फिस्कारली,” म्हटलं की दुसरा. असं करत करत अर्धी वाटी जायला लागली होती. बाई भिंतीला धरून दारापर्यंत चालत जायला लागली होती. नर्ससुद्धा म्हणाली, आता पुढच्या आठवड्यात न्या घरी.

“सरदाराची हनुवटी मी यायच्या आत बरी करा हं,” बायकोनं बजावलं. “माझ्या चिमीला लागायला नको ते.”

झालं. काकांनी मनावर घेतलं. वाट्या आल्या, वाडगा गेला. शेक सुरू झाला. सरदार मुकाट्यानं मान वर करून बसायचा, अगदी जुन्या गिऱ्हाइकासारखा. पण डॉक्टरीणबाईंचं ते पातळ पाण्यासारखं औषध काकांच्या डोळ्यांत भरेना. वास नाही, झोंबत नाही, हे कसलं औषध? हनुवटी रोज पाहावी तर तेवढीच काळी. बायको यायचा दिवस जवळ येत चाललेला.

तेव्हा काकांनी दुकानातली बाटली घरी आणली. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं, नाकात जाणारं ते औषध. वस्तरा लागला तर तेच, फोड आला तर तेच. गावभरच्या हनुवट्या त्यानं बऱ्या केलेल्या. त्यांनी विचारसुद्धा केला बरं का, अगदीच बिनडोक नव्हते ते. बोक्यानं चाटलं तर? मग त्यांना आठवलं की मांजराची जीभ अंगभर पोचते, पण स्वतःच्या हनुवटीखाली काही पोचत नाही. म्हणजे चिंता नाही. कापूस चांगला भिजवून त्यांनी हनुवटी पुसली आणि समाधानानं दुकानात गेले.

सरदाराची जीभ पोचत नव्हती म्हणून तर त्याची हनुवटी रोज चिमी चाटायची. काकांनी आणि बायकोनं हजारदा पाहिलेली गोष्ट. त्याला दोन पंजांत धरून, डोळे मिटून, मन लावून चाटायची.

काका परतले तेव्हा चिमी पलंगाखाली होती. तोंडातून लाळ गळत होती, जीभ लाल सोललेली. उभी राहायला गेली की मागचे पाय फाकायचे. काकांनी तिला बायकोच्या शालीत गुंडाळलं आणि धावत सुटले. रिक्षा बघायचंही भान राहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड हुंगलं आणि त्यांचा चेहराच बदलला. “काय लावलंत, काका?”

काकांनी सांगितलं.

“माणसाचं शरीर हे पचवतं हो. मांजराचं नाही पचवत. त्यांना ते विष आहे.”

सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, तोंड धुतलं. काका टेबलाशी उभे राहून “चिमे, अगं चिमे, ती येतेय गं, थांब ना,” एवढंच म्हणत राहिले. ज्या बोटांनी कधी कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, ती बोटं तिच्या कानामागे फिरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी गेली.

दुपारी काका इस्पितळात गेले. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, सांगायचं नाही. घरी येऊ दे, मग बघू. बायको उशीला टेकून बसली होती. आज तिनं केस विंचरले होते.

“बघा, आज पूर्ण पोळी खाल्ली,” ती म्हणाली. “काय म्हणतेय माझी बया?”

काकांनी सुपाची वाटी हातात घेतली. तोंड उघडलं, पण खोटं काही बाहेर येईना. मग सगळंच बाहेर आलं. बाटली, कापूस, पलंगाखालची चिमी. लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. “मी मारली गं तिला. मला कळलं नाही.”

त्यांना वाटलं, आता ती ओरडेल. ओरडायलाच हवी होती. शिव्या घालायला हव्या होत्या, वाटी अंगावर फेकायला हवी होती. तिनं हात पुढे केला आणि त्यांच्या डोळ्यांखालचं पाणी अंगठ्यानं पुसलं.

“मुद्दाम थोडंच केलंत,” ती म्हणाली.

काकांना हायसं वाटलं. नाक पुसून त्यांनी चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान हलवली.

“अगं, थोडं तरी. सोमवारी घरी जायचंय ना आपल्याला?”

ती हळूच आडवी झाली, चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे वळली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

“कशाला?” ती म्हणाली.

चमचा काकांच्या हातात तसाच राहिला. त्यांना म्हणायचं होतं, मी आहे ना गं घरी. पण ते म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही.