पाऊण तासाचं अंतर

मी खोटं बोललो नाही. मोबाइलवर जे लिहिलं होतं, तेच भावाला वाचून दाखवलं. सुरत विमानतळ ते जळगाव विमानतळ, अंतर तीनशे किलोमीटर, विमानाने लागणारा वेळ पाऊण तास.

सकाळी नऊला गावाहून बहिणीचा, जयश्रीचा फोन आला होता. माय आजचा दिवस काढते की नाही सांगता येत नाही, निघा. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, धरणगावजवळ; सुरतच्या उधना स्टेशनाहून रेल्वेने साडेपाच तास. मी सुरतेत, लिंबायतमध्ये, कापडाचा लूम चालवतो. पिशवीत एक शर्ट टाकला की तयार. भूपेंद्र माझा धाकटा भाऊ, तिथेच पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये रंगाचा मास्तर. त्याला शिकवायचं म्हणून मला सातवीतून काढून लूमवर उभं केलं, आणि माय जन्मभर ज्याला त्याला सांगत राहिली, शेवटचं पाणी माझ्या भुप्याच्या हातचं पिईन. माझं, लोटूचं, नावसुद्धा नाही. हे मला सलायचं. अजून सलतं.

पाऊण तास ऐकून भूपेंद्र खूश झाला. सेठ त्याला वर्षातून दोनदा कोलकात्याला विमानाने पाठवतो. तिकीट ऑफिसातली माणसं काढतात, याला नुसतं जाऊन बसायचं माहीत.

"तू रेल्वेमा जाय," तो म्हणाला. "मी इमानमा येस. तुनाआधी पोचसू."

मोबाइल असं अंतर कुठल्याही दोन विमानतळांचं सांगतो, मध्ये विमान उडत असो वा नसो. मला ते ठाऊक होतं. शेजारचा मगन विमानतळाबाहेर रिक्षा लावतो. इथून जळगावला थेट विमान नाही, हे त्यानेच मला दिवाळीत सांगितलं होतं.

"जाय," मी भावाला म्हणालो. "आरामशीर ये."

गाडी नंदुरबारला आली तेव्हा त्याचा फोन आला. रडकुंडीला आला होता. विमानच नाही म्हणतात! मी म्हटलं, मग टॅक्सी कर. आणि फोन खिशात ठेवून चहा घेतला. गोड लागला.

चारला घरी पोचलो. माय ओसरीवर खाटेत, डोळे अर्धे मिटलेले. जयश्रीने तुळशीचं पान टाकलेला तांब्या हातात दिला. मी चमचा लावताच मायने ओठ घट्ट मिटले.

"भुप्या ऊना का?"

"इमानमा शे," मी म्हणालो. "आते येई."

"त्याले येऊ दे. त्याना हातना पानी पिसू."

मी तीनदा चमचा लावला. पाणी हनुवटीवरून उशीत गेलं. जीभ टाळूला चिकटत होती, तरी तिने दात उघडले नाहीत. घडीघडी भुप्या, भुप्या, आणि नजर वर छपराकडे. सव्वापाचला नजर तिथेच राहिली. मी तांब्या धरून शेजारी बसलेला, आणि माय तहानलेली गेली.

भूपेंद्र साडेसातला आला. मायच्या पायांवर डोकं आपटून ओरडला, मग माझा हात धरला. मायने शेवटी आपलं नाव घेतलं का, एवढंच त्याला हवं होतं.

"भाऊ, मायनी मनं नाव लिधं का?"

जयश्री आत बायकांत होती. ती उद्या त्याला खरं सांगेलच. पण आजची रात्र तरी त्याला कळू दे, मला जन्मभर कसं वाटलं ते.

"नही," मी म्हणालो. "एकदाबी नही."