घरगाडीतली थोरली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. शिशाची, पोटात तेजाब असलेली आणि उचलणाऱ्याची कंबर धरेल इतकी जड. सध्या माझा मुक्काम एका बॅटरीच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. इथे माझ्यासारख्या पंधरा-वीस जणी बसल्या आहेत आणि बहुतेकींना आपापल्या मालकांविषयी तक्रार आहे. माझी तशी काही नाही. माझी तक्रार असलीच तर ती माझ्याविषयीच आहे, आणि ती सांगून टाकल्याशिवाय मला शिसं वितळवायच्या भट्टीत जायचं नाही.

माझ्या पोटात सहा कप्पे आहेत. कारखान्यात प्रत्येक कप्प्यात शिशाच्या जाळ्या उभ्या करून त्यांत तेजाब भरलं गेलं आणि माझ्यात जीव आला. तिथून मी दुकानात आले आणि दुकानातून बसकाकांच्या घरी. बसकाकांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मुलांनी दिलेलं ते नाव त्यांना असं चिकटलं की पुढे गल्लीतली म्हातारी माणसंही त्यांना बसकाकाच म्हणू लागली. त्यांच्या बायकोची नोकरी इस्पितळात झाली, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच सिस्टर. दोघं निवृत्त झाल्यावर बसकाकांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि वर्षभर ठोकाठोक करून तिचं घर केलं. दिवसा बाक आणि रात्री पलंग, ताटाएवढं बेसिन, दोन शेगड्या, एक बुटका फ्रिज आणि छतावर सोलरच्या दोन पाट्या. ही आमची घरगाडी. मी बाकाखाली राहायचे. दिवसभर उन्हाचं खायचं आणि संध्याकाळी दिवे, पंखा, पाण्याचा पंप यांना वाढायचं, हे माझं काम.

माझे लाड फार झाले, हे कबूल करते. दर महिन्याला बसकाका झाकणं उघडून माझ्यात डिस्टिल्ड पाणी घालायचे, टोकांवर चढलेली पांढरी भुकटी जुन्या बनियनने पुसायचे आणि शेवटी माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, “चल गं बाई, अजून खूप हिंडायचंय आपल्याला.” अशा बोलण्याने कोणीही शेफारेल. मीही शेफारले. घरगाडी माझ्यावरच चालते असं मला वाटू लागलं. इंजिन, चाकं आणि डिझेल यांचा त्यात काही वाटा आहे, हे मी सोयीस्करपणे विसरले होते.

पण आमच्या जातीची एक खोड आहे. पोटात शंभर असलं तरी पन्नासच्या पुढे कुणी हात घातला की आम्ही आजारी पडतो. आणि चार वर्षांनी तर माझ्या पोटात तेवढंही राहिलं नाही.

नेमके त्याच सुमारास सिस्टरांच्या बोटांचे सांधे सुजू लागले. सकाळी त्यांना कपाची कडी धरता येईना. डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं आणि बजावलं, की हे औषध कायम फ्रिजमध्ये हवं. गरम झालं की वाया आणि गोठलं तरी वाया. त्यामुळे फ्रिज चोवीस तास चालणं आलं, आणि मला तर एक रात्र निभावतानाही धाप लागत होती. मग घरगाडी फक्त अशा ठिकाणी थांबू लागली, जिथे खांबावर प्लग आहे.

आणि अक्कांच्या घरी प्लग नव्हता.

अक्का म्हणजे सिस्टरांची थोरली बहीण. डोंगरावर शेवटच्या विजेच्या खांबाच्याही वर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागे मधमाश्यांच्या चाळीस पेट्या. “माझ्या माश्या कुणाच्या भरवशावर सोडू?” म्हणून त्या खाली यायच्या नाहीत. सिस्टर वर जायच्या त्या दुपारपुरत्या. जेवण होतं न होतं तोच फ्रिजच्या काळजीने परत फिरायच्या. अशी तीन वर्षं गेली. दोघींनी सत्तरी ओलांडली होती. सिस्टरांचं मागणं एकच होतं, अक्कांजवळ सलग एक महिना राहायचं.

म्हणून त्यांच्या लेकीने मनावर घेतलं आणि नवी लिथियमची बॅटरी बघायला सगळे दुकानात आले. गाडीचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. खरं तर मी कान टवकारूनच बसले होते.

काचेच्या कपाटात एक महागडी होती. बसकाका तिच्यापुढून हलेनात.

“ही म्हणे आपली तब्येत स्वतः फोनवर कळवते,” ते म्हणाले.

“बाबा, आपल्याला गप्प बसून काम करणारी चालेल,” लेक म्हणाली. “आणि हिच्या किमतीत तुमचं वर्षभराचं डिझेल येईल.”

मग तिने पिशवीतून घरचा वजनकाटा काढला, ज्यावर उभं राहून सिस्टर रोज सकाळी उसासा टाकायच्या, तोच. दुकानदार बघतच राहिला.

“ताई, बॅटऱ्या विकतो मी. बटाटे नाही.”

“खोक्यावर काय, काहीही छापता येतं. आत माल किती आहे ते वजन सांगतं,” ती म्हणाली.

सोनेरी अक्षरांची सर्वांत स्वस्त बॅटरी काट्यावर चढली. खोक्यावर क्षमता शंभर छापली होती आणि भरली जेमतेम सात किलो. शेजारची साध्या करड्या डब्यातली, किमतीला थोडीशीच वर आणि खोक्यावर तेच शंभर, साडेअकरा किलो भरली. लेकीने दुकानदाराला आणखी दोन गोष्टी विचारल्या. बर्फासारख्या थंडीत ही चार्ज होणं आपोआप थांबवते का, कारण तशा थंडीत चार्ज झालं की लिथियमची नासाडी होते. आणि बिघडली तर फोन कोण उचलतं?

“थांबवते. आणि फोन मीच उचलतो,” तो म्हणाला. “जेवत असलो तरी.”

करडी बॅटरी घरी आली. माझ्या निम्म्याहून कमी वजनाची, ना वास ना आवाज. मी मनात तिला धाकटी म्हटलं आणि नाक मुरडलं. एवढ्याशा जिवाला शंभरातलं जवळजवळ सगळं देता येतं, हे मला कसं पचावं?

लेकीने निघताना बजावलं होतं, “बाबा, नवी एकटीच जोडायची. जुनी काढून टाका.” बसकाका हो हो म्हणाले. लेक गेल्यावर ते बराच वेळ पाना हातात धरून माझ्यापुढे बसले. त्यांच्या शाळेच्या बसमध्ये जन्मभर दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी नांदल्या होत्या. एकटी बॅटरी त्यांच्या डोळ्यांना बघवत नव्हती. आणि मला काढायला त्यांचा हात धजावत नव्हता, हे मला दिसत होतं.

“दोघी मिळून करा,” ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी आमची टोकं एकमेकींना जोडून टाकली. धाकटीबरोबर आलेल्या सूचनांच्या कागदाच्या चार घड्या करून तो माझ्याखाली सारला, म्हणजे मी वाटेत खडखडणार नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मित्रांनो, नको असलेलं माणूस पुन्हा पंगतीला बसवलं गेलं तर त्याला जे वाटेल, तेच मला वाटलं.

आम्ही अक्कांकडे पोहोचलो. फ्रिजमध्ये चार इंजेक्शनं होती, चार आठवड्यांची. तीन आतल्या तळाशी आणि चौथं दाराच्या कप्प्यात, वेळेला चटकन सापडावं म्हणून. पहिल्या सकाळी सिस्टरांनी फ्रिजमधली तापमापीची काचेची नळी बघितली तेव्हा पारा चारऐवजी आठ अंशांवर होता. दार नीट लागलं नसेल, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या सकाळी फ्रिज गप्प होता. उन्हं आली तसा तो पुन्हा घुरघुरू लागला. पण तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर दारातलं इंजेक्शन सिस्टरांच्या तळव्याइतकं कोमट झालं होतं. त्यांनी ते उजेडात धरलं, हलवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. “शंका आली की टाकायचं. वॉर्डात हेच शिकवलंय,” एवढंच त्या म्हणाल्या. उरलेली तीन अजून गार होती. ती अक्कांनी झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या थर्मासमध्ये ठेवली. पण ती दिवसभराची सोय होती, महिन्याची नव्हे.

बसकाका धाकटीवर घसरले.

“स्वस्तात घेतली ना, दाखवलेन गुण. तरी मी त्या काचेतलीकडे बघत होतो. उद्या सकाळी खाली उतरू. असल्या बॅटरीच्या जिवावर तुझं औषध पणाला नाही लावायचं मला. आणि खरं सांगू, ही गाडीच विकून टाकू. आता आपल्या वयाला झेपत नाही हे.”

सिस्टर थर्मासचं झाकण पुन्हा तपासू लागल्या. अक्का आत गेल्या आणि बहिणीसाठी पसरलेलं अंथरूण उगाच झटकत राहिल्या.

आता कबूल करायची ती गोष्ट हीच. त्या वेळी मला बरं वाटलं. धाकटीला दोष लागला, तिला टाकून देतील, पुन्हा माझे दिवस येतील, असं मी मनात म्हणत होते. सिस्टरांचा महिना हातातून निसटत होता आणि मी माझ्या मानाचा विचार करत होते. त्या तीन दिवसांत मला आतून विचित्र ऊब जाणवत होती. मी तिला माया समजले.

दुपारी सिस्टर गाडीत आल्या. बसकाका धाकटीला सोडवण्यासाठी पाना शोधत होते.

“थांबा हो जरा,” त्या म्हणाल्या. “दोन खाटांवर दोन पेशंट असले, तर आधी दोघांनाही हात लावून बघतात.”

सुजल्या बोटांमुळे त्यांना तळहात सपाट ठेवता येत नव्हता. त्यांनी हाताची मागची बाजू आधी धाकटीला टेकवली. मग मला. आणि तिथेच थांबल्या.

“हिला ताप आहे.”

“कोणाला?”

“तुमच्या लाडकीला. ही नवी गार आहे. ही बघा, इथे, या बाजूला तर चटका बसतोय.”

बसकाकांनी हात लावला. मग त्यांनी आमच्यामधली वायर सोडवली आणि मीटर आणलं. माझ्या सहा कप्प्यांतला एक मेला होता. त्यामुळे मी कितीही खाल्लं तरी भरत नव्हते, आणि मला जोडलेली धाकटी रात्रभर आपलं सगळं माझ्या घशात ओतत होती. फ्रिजला वाढायच्या आधीच तिचं भांडं रिकामं होत होतं. जी ऊब मी माया समजत होते, ती तिनेच दिलेली होती, माझ्यात फुकट जळणारी. तिने एकदाही कुरकुर केली नव्हती.

बसकाका खाली बसले आणि त्यांनी माझ्याखालचा कागद ओढून काढला. घड्या उलगडून वाचला. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, की जुन्या बॅटरीला जोडू नये.

“मला वाटलं, हिला काढलं तर...” ते कागदाची पुन्हा घडी घालू लागले. “सात वर्षं राबली गं ती.”

“म्हणूनच सोडवा आता,” सिस्टर म्हणाल्या. “माझी रिटायरमेंट झाली तेव्हा तुम्ही मला वॉर्डात ठेवून आला होतात का?”

दारातून अक्का म्हणाल्या, “आणि नव्या सुनेला उगाच बोललात, तिचंही काहीतरी बघा.”

बसकाका ओशाळून हसले. त्यांनी धाकटीच्या डोक्यावर थाप मारली. सात वर्षं फक्त मला मिळालेली थाप. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मित्रांनो, मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत माझा ताप उतरला.

दुसऱ्या सकाळी नळीतला पारा चारवर होता. त्याच्या पुढच्या सकाळीही, आणि त्यानंतर रोज. मी बाकाखाली तशीच होते, कशालाही न जोडलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसती ऐकत बसले. दोघी बहिणी खिडकीशी बसून मेणाचे तुकडे निवडायच्या आणि साठ वर्षांपूर्वीच्या एका फ्रॉकवरून भांडायच्या. तो कुणी फाडला, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

पण इंजेक्शनं चारऐवजी तीनच उरली होती. सिस्टरांना दिवस मोजूनच राहावं लागलं. महिना म्हणून आलेल्या सिस्टर एकविसाव्या दिवशी उतरल्या. निघताना अक्कांनी त्यांच्या सुजल्या बोटांना दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि बसकाकांना दोनदा गाडी बंद करावी लागली.

उतरल्यावर बसकाकांनी मला या दुकानात आणून सोडलं. “कचऱ्यात टाकू नका, भट्टीसाठी ठेवा,” ते दुकानदाराला म्हणाले. इथून मी भट्टीत जाईन आणि माझ्या शिशाची कुणीतरी दुसरी होईल. त्याचं मला भय नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही काही थकलेलं असेल. त्याला टाकू नका, जिथे त्याचं पुढे काही होईल तिथे नीट पोहोचवा. पण मायेपोटी त्याला कामालाही जुंपून ठेवू नका, आणि काही बिघडलं तर गप्प बसणाऱ्या नव्यावर खापर फोडण्याआधी दोघांनाही हात लावून बघा. बसकाकांनी मला एक आठवडा आधी सोडलं असतं, आणि मला ते आवडलं असतं, तर त्या दोघी अजून सात दिवस त्या खिडकीशी बसल्या असत्या.