कडुलिंबाखालची माती

“हीच कोरडी कावून?”

दस्तगीर मोठ्यानेच बोलला, पण कब्रस्तानात ऐकायला होतं कोण? त्याने वाकून कबरीच्या मातीत बोट घातलं. भुसभुशीत, पांढुरकी, कोरडी ठाक. पहाटेपासून पाऊस झिमझिमत होता, आत्ता कुठे थांबला होता. पलीकडच्या रांगेतल्या सगळ्या कबरी ओल्या, वाटेवरची माती तर चपलेला चिकटून आलेली. फक्त त्याच्या बायकोच्या, जैनबबीच्या कबरीवर थेंब नव्हता. तिच्यावर लावलेल्या सब्जाच्या रोपांनीही माना टाकल्या होत्या.

दर जुम्म्याला तो लोटाभर पाणी घेऊन यायचा. आज पाऊस झालाय म्हटल्यावर स्वारी पहिल्यांदाच मोकळ्या हाताने आली होती. अल्लाची रहमत सगळ्यांवर बरसली आणि हिलाच वगळून गेली? हिने कुणाचं काय वाईट केलं होतं? तो तिथेच मटकन बसला.

जैनबबीला पावसाचं भारी वेड. सिरसाळ्याच्या बाजारात दस्तगीरचं ताडपत्र्या शिवायचं दुकान. ऊसतोडीला निघालेली माणसं फडावरच्या झोपड्यांवर, कोप्यांवर टाकायला त्याच्याकडूनच ताडपत्री न्यायची. त्याची शिवण गळत नाही अशी ख्याती. आणि भुरभुर सुरू झाली रे झाली, की या कारागिराची बायको दुकानातून उठून थेट रस्त्यावर!

“आत ये, येडे! लोकं हासतेत,” तो ओरडायचा.

“पाऊस अडवायचा धंदा तुमचा हाय, माजा न्हाई,” असं म्हणत ती खुशाल भिजायची.

त्याला कबरीपाशी बसलेलं पाहून कुंपणापलीकडच्या शेतातून त्रिंबक धावत आला. दोघांची जुनी दोस्ती.

“दस्तगीरभाई, काय झालं? चक्कर आली का?”

“त्रिंबक, बघ रे. समद्यांवर पडला, हिच्यावर न्हाई.”

त्रिंबकने कबरीकडे पाहिलं, मग मान वर केली. वर कडुलिंब दाट पसरला होता.

“आरं, लिंब हाय की वर! बारीक पाऊस पानंच झेलतेत. ऊन पडलं की वाफ होऊन जातोय माघारी. माज्या बांधावरच्या आंब्याखाली बी आसंच. धो धो पडला तरच खाली येतो, आन् तसा पडतोय कुटं आता?”

दस्तगीरने झाडाच्या खोडावर हात ठेवला. तो कडुलिंब त्यानेच लावला होता. जैनबबी गेली ऐन मे महिन्यात, ऊन लागून. मूठमाती देताना हाताला चटके बसले होते. निदान आता तरी हिला सावली मिळावी म्हणून त्याने रोप आणलं, लेकरासारखं जपलं. झाड जसजसं दाट झालं तसतसा तो सुखावत गेला. बाजारात जन्मभर जे केलं, तेच तो बायकोच्या कबरीवर करून बसला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता.

“कुऱ्हाड आनू का?” त्रिंबकने हळूच विचारलं. “दोन फांद्या उतरवू.”

“आन् उन्हाळ्यात रे?”



तेवढ्यात ढग फाटले आणि ऊन पडलं. वर पानापानावर थेंब चमकले. हे आता माघारी जाणार, हे ध्यानात आलं तसा दस्तगीर धडपडत उठला. चवड्यांवर उभं राहून त्याने खालची फांदी दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली.

टपटप थेंब पडले. टोपीवर, दाढीवर, सब्जावर, मातीवर. त्रिंबकने दुसरी फांदी धरली.

“थोडाच हाय, जैनब,” दस्तगीर म्हणाला. “पन पाऊसच हाय.”

ऊन वर चढत होतं. कबरीच्या मातीवर काळे ठिपके उमटत होते, आणि दस्तगीर हाताला येईल अशी पुढची फांदी शोधत होता.