सवतीची हळद

गुरुवारची सकाळ झाली की पारडीच्या रस्त्यानं बायाच बाया दिसायच्या, आणि प्रत्येकीच्या पदराखाली एक बाटली. कोणाची खोकल्याच्या औषधाची, कोणाची शाईची, एका सराफिणीची तर चक्क अत्तराची. बाटलीत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक. तोंडानं मात्र म्हणायचं ‘सकाळचं पहिलं पाणी’. साल चौऱ्याहत्तर. नागपुरात डॉक्टर होते, दवाखाने होते. पण रांग होती ती इथं.

पत्र्याच्या मंडपात हळद्या महाराज बसलेले असायचे. अंगावर पिवळा पीतांबर, कपाळभर भंडारा, आणि हातात गुलाबपाण्याचा रुमाल. कारण शक्ती दैवी असली तरी नाक नाकाच्या जागी असतंच. बाई पुढे आली की तिची बाटली ते चिमटीत धरून पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात न्यायचे, आणि आतलं पाणी पेटायचं. पिवळं, पण रोजचं पिवळं नव्हे. कडेला हिरवट झाक मारणारं, काजव्यासारखं.

“देखो माय, देखो!” महाराज गर्जायचे. “हे हळद तुही नोहे. जे बाई भरल्या कपाळानं गेली, हिरवं लुगडं नेसून, ओटी घेऊन गेली, तिची हे हळद. तुह्या अंगात शिरली होती. आता कोणाच्या प्रतापानं उतरून राहिली?”

“महाराजांच्या!” मंडप म्हणायचा.

त्या मंडपात मनकर्णा दर गुरुवारी मागच्या खांबाला टेकून बसायची. वय बत्तीस, दिसायला पंचेचाळीस. गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात एक टाक: नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली एक बाई. ती बायजाबाई, रुपरावांची पहिली बायको. तापानं गेली, मागं एक लहानगी जया ठेवून. दुसरेपणावर आलेल्या नवरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं, ही घरची रीत. लग्नाच्या दिवशी सासूनं टाक ओवला आणि म्हणाली, “हे घर तिचं होय. तिच्या आधी जेवायचं नाही.” सासू पुढे वारली. वाक्य राहिलं.

म्हणून मनकर्णा रोज पान वाढायची. वरण, भाजी, भाकर, वाटीभर दही. गळ्यातल्या टाकाला दाखवायची, हात जोडायची आणि दारच्या गाईला घालायची. पाचपावलीतल्या त्या दोन खोल्यांत शिजायचं तिघांपुरतं. मग चौथं पान कोणाच्या वाट्यातून निघतं, हे कोणी विचारलं नाही. मनकर्णेला उरायचा भात, वर मीठ, आणि कोरा चहा. गाय मात्र चांगली गुटगुटीत होती.

मग पाय सुरू झाले. आधी तळव्यांत मुंग्या, मग आग. तोंडाचे कोपरे फाटले, जीभ लाल झाली. आणि पहाटे ती पकड: कोणीतरी पोटरीत बोटं रुतवून पाय खाली ओढतंय. डोळे उघडले की पायथ्याशी कोणी नसायचं. पोटरीवर दगडासारखा गोळा, आणि टाक घामानं छातीला चिकटलेला. मनकर्णा हळूच म्हणायची, “बाई, सोडा. दुखते.” आणि पकड सुटायची. थोड्या वेळानं का होईना, सुटायचीच. म्हणजे ऐकणारं कोणीतरी होतं.

महाराजांनी तिला दोन पुड्या दिल्या. पिवळी रोज रात्री, पांढरी दर सोमवारी. आणि व्रत: सवत सुटेपर्यंत पांढरंच खायचं. भात, साखर, साबूदाणा. डाळ नाही, भाजी नाही, भाकर नाही. पिवळी पुडी घेतली की सकाळी पाणी पेटलेलं. पांढरी घेतली की दिवसभर परसाकडे फेऱ्या. “करणी पडून राहिली,” महाराज म्हणायचे.

खोटं कशाला बोला, गुण आला होता. तोंडाचे कोपरे भरले, मुंग्या कमी झाल्या. पण सोमवार गेला की मंगळवारी पहाटे पकड दुप्पट जोरानं यायची. निघता निघता झोंबते, असं मनकर्णेनं समजून घेतलं.

त्या गुरुवारी महाराजांनी तिची बाटली उन्हात धरली आणि मान हलवली.

“हळद सरून नाही राहिली, माय. काहून? मूळ घरात हाय. तिच्या पोटची पोट्टी!”

मनकर्णेनं गळ्यातला टाक मुठीत घट्ट धरला.

“येत्या गुरुवारी पोट्टीले आणून सोड. ते इथंच मठात राहीन, सेवा करन. नाही आणली, तं ते बाई पाय सोडून गळा धरन.”

जया चौदा वर्षांची, नववीत. मनकर्णेला मावशी म्हणायची आणि झोपताना तिचाच पदर बोटाला गुंडाळायची. रुपराव संत्रा मार्केटात दलाल. दिवसभर बोली ओरडून घसा बसलेला, घरी काही ठरवायला आवाज उरत नसे. ऐकून घेतलं आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, “एक बाई गेली माही. दुसरी जाऊ देऊ का? चार महिने ठेवू पोरीले. मंग आणू.”

“शाळा हाय तिची.”

“तुले गुण आला का नाही? सांग.”

आला होता. तिनं मान डोलावली.

जया दाराआडून ऐकत होती. सकाळी ती पुस्तकं एकावर एक रचून बांधत बसलेली दिसली.

“हे काय वं?”

“मी गेली तं तुहे पाय सुटतीन का, मावशी?”

मनकर्णेनं तोंड फिरवलं आणि चुलीत नसलेला धूर डोळ्यांत गेल्याचं सांगितलं.

शनिवारी सकाळी शेजारच्या भिंतीपलीकडून आरडाओरडा आला. तिथं रंभाबाई आणि लहानू राहायचे. चाळीस वर्षांचा संसार, भांडणाशिवाय एक दिवस गेला तर दोघं आजारी पडायची.

“अहो, उठा म्हणते ना! कोण होती ते सटवी?”

“कोण?”

“तुमची पहिली! अहेव मेलेली!”

“अवं, माह्या लग्नात तुह्या बापानं मले धड टोपी नाही देल्ली. दुसऱ्या कोणत्या बापानं पोरगी देल्ली असती?”

“मंग हे हळद कोणाची? पाहा! डोळे फाडून पाहा!”

“मी नाही पाहत बाप्पा सकाळी सकाळी!”

थोड्या वेळानं रंभाबाई मनकर्णेच्या दारात, केस मोकळे, धाप लागलेली. “मनकर्णा, मी त्या महाराजाचं तोंड नाही पाह्यलं. पुडी नाही खाल्ली. तोंड आलं म्हणून काल दवाखान्यातून गोळ्या आणल्या, रात्री एक घेतली. आन् सकाळी पाह्यते तं तुह्यावानी! पेटलेलं!”

मनकर्णेनं आधी टाकाला हात जोडले. जया मात्र उठून चपला घालत होती. “चाल मावशी. गोळी ज्यांनी देल्ली त्यायलेच विचारू.”

दवाखान्यातल्या डॉक्टर शोभाताई तरुण होत्या. हसतील असं मनकर्णेला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. मनकर्णेनं सोबत आणलेली पिवळी पुडी त्यांनी कागदावर पसरली. हळदीत ठेचलेल्या गोळीचे बारीक कण दिसत होते. वास घेतला. रंभाबाईची एक गोळी ठेचून शेजारी ठेवली. मनकर्णेनंही वास घेतला. तोच.

“ही ‘बी’ जीवनसत्त्वाची गोळी,” शोभाताई म्हणाल्या. “यातलं एक जीवनसत्त्व मुळातच पिवळं असतं. अंगाला हवं तेवढं अंग ठेवून घेतं, उरलेलं लघवीवाटे टाकून देतं. उन्हात धरलं की चमकतं. सवत असो नसो.”

“नसलेलीच,” रंभाबाईनं घाईनं सांगितलं. “तरी घरी जाऊन आमच्या म्हाताऱ्याले बी एक देते. पाहू त्याची कोण निघते.”

पांढऱ्या पुडीचा कण शोभाताईंनी जिभेला लावून थुंकला. “जुलाबाचं मीठ. मॅग्नेशियमचं.”

“पण मले गुण आला, बाई. तो काहून आला?”

“तुम्ही जेवता काय?”

मनकर्णेनं व्रत सांगितलं. पांढरं, पांढरं, पांढरं.

“आणि व्रताच्या आधी?”

मग चौथ्या पानाची गोष्ट निघाली. ती सांगताना मनकर्णेचा आवाज बारीक होत गेला, कारण सांगता सांगता तिला स्वतःलाच ऐकू येऊ लागलं होतं.

शोभाताईंनी पुड्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, “मनकर्णाताई, तुम्ही उपाशी आहात. कितीतरी वर्षं. तळव्यांची आग, मुंग्या, फाटलेलं तोंड, हे त्या उपासाचं. पिवळ्या पुडीनं तुम्हाला चिमूटभर जेवू घातलं, म्हणून बरं वाटलं. पांढरीनं आठवड्याचं सगळं धुऊन काढलं. अंगातलं पाणी गेलं, क्षार गेले, म्हणून दुसऱ्या दिवशी पेटके. हेच मॅग्नेशियम डाळीतून, पालेभाजीतून, शेंगदाण्यातून थोडं थोडं पोटात गेलं तर स्नायूला आराम देतं. चमचाभर एकदम ढोसलं तर पोट रिकामं करतं. एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढायचं. बाई बरीही होत नाही, मरतही नाही. दर गुरुवारी येते.”

“पण पाय धरते ना कोणीतरी! मी सोडा म्हटलं की सोडते.”

“पेटका थोड्या वेळानं सुटतोच. पुढच्या वेळी काही म्हणू नका. पायाचा पंजा हातानं आपल्याकडे ओढा आणि गप्प राहा. पाहा सुटतो का.” मग म्हणाल्या, “आमच्या घरीही टाक होते. छप्पन साली वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि सगळे नदीत सोडले. मी लहान होते. आजी कितीतरी दिवस दाराकडे पाठ करून झोपत नव्हती. आता कोणीतरी येईल म्हणायची. कोणी आलं नाही.”

सोमवारी मनकर्णेनं पांढरी पुडी घेतली नाही, पिशवीत ठेवून दिली. तरी बुधवारी पहाटे पकड आलीच. पोटरीत बोटं रुतली. ‘बाई, सोडा’ ओठांपर्यंत आलं. तिनं पदराचा बोळा दातांत धरला आणि पंजा आपल्याकडे ओढला. अंधारात फक्त रुपरावांचं घोरणं. गोळा हळूहळू विरघळला. कोणाला काही न म्हणता.

आणि त्या पहाटे तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. खोलीत कोणीच नव्हतं. कधीच नव्हतं. मग इतकी वर्षं आपण कोणाशी बोलत होतो?

गुरुवारी मंडप भरला होता. रंभाबाई रांगेत सगळ्यांत पुढे. तिची बाटली उन्हात गेली आणि पेटली.

“अरेरे!” महाराजांनी डोळे मिटले. “दिसून राहिली मले. गोरी बाई. सातव्या महिन्यात गेली. माय, तुह्या नवऱ्यानं लपवलं तुह्यापासून!”

“दिसते काय खरंच?”

“साफ दिसते!”

“महाराज,” पुरुषांच्या बाजूनं लहानू काठी टेकत उठला, “बाटली माही होय. दवाखान्याची गोळी खाल्ली मी रात्री. आता मले सांगा, माही सवत कोण? माह्या बायकोचा पहिला नवरा का?”

मंडपात कोणीतरी फिसकन हसलं. रंभाबाईनं गोळ्यांची पुडी उघडून वर धरली. “हे घ्या वं बायांनो, दवाखान्यात फुकट भेटते. ज्याले पाहिजे त्यानं रात्री खा आन् सकाळी पाहा!”

“सवतीनं डोळ्यावर पडदा टाकला माह्या!” महाराज ओरडले. मग त्यांना खांबाजवळ मनकर्णा दिसली, आणि जया. “आली! माय, आणली ना पोट्टी? दे इकडं.”

मनकर्णा उठली. पाय धरायला कोणी आलं नाही.

“आणली. शाळेत जाता जाता,” ती म्हणाली. जयाच्या अंगावर शाळेचा गणवेश होता, वेण्यांना लाल रिबिनी. मनकर्णेनं पांढरी पुडी काढून महाराजांसमोर ठेवली. “पोरगी देते. आधी हे पुडी तुम्ही घ्या. सगळ्यांसमोर. इथंच बसू आपण. तुमची करणी किती पडते ते पाहू.”

महाराजांनी पुडीकडे पाहिलं. मंडपातल्या प्रत्येक बाईला त्या पुडीचा गुण अंगानं ठाऊक होता. म्हणूनच हसू आधी मागच्या रांगेतून आलं, मग पुढच्या, मग पत्रा वाजेपर्यंत. महाराजांनी हात काही पुढे केला नाही. उलट पीतांबर सावरून ते मांडी बदलून बसले, आणि तेवढ्यावर बाया समजून गेल्या. सराफीण अत्तराची बाटली गटारात ओतून निघाली.

त्या संध्याकाळी मनकर्णेनं सवयीनं पान वाढलं. वरण, पालकाची भाजी, भाकर, दही. टाकाला दाखवलं आणि हात जोडून थबकली. रुपराव दारात उभे होते. सगळं कानावर आलं होतं त्यांच्या. काही सुचत नव्हतं म्हणून टोपी काढून पुन्हा घालत होते.

जया म्हणाली, “मावशी, मी लहान होती, पण एवढं याद हाय मले. माही माय पाय ओढणारी नव्हती वं. ते साऱ्यांचे पाय चेपून द्यायची. आजीचे, बाबाचे, माहे बी. साऱ्यांले वाढून मंग जेवायची, आन् कधी कधी उरतच नव्हतं.”

मनकर्णा ते ऐकत राहिली. म्हणजे त्या घरात उपाशी राहणारी ती पहिली नव्हती.

तिनं दोरा सोडला आणि टाक जयाच्या तळहातावर ठेवला. “तुह्या मायची आठवण होय. तुह्याजवळ ठेव.” मग पान पुढ्यात ओढलं. पहिला घास घेतला. रुपराव खाली बसले आणि त्यांनी तिच्या पानात आणखी एक भाकर वाढली, लग्नानंतर पहिल्यांदाच. दारात गाय हंबरली. तिला त्या दिवशी वैरण मिळाली, गाईला मिळते तशी.

पाय एका दिवसात बरे झाले नाहीत. शोभाताईंच्या गोळ्या, रोजचं वरण, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी. पावसाळा सरला तेव्हा कुठं पहाट शांत झाली. पाणी अधूनमधून पिवळं व्हायचं. कोणी उन्हात धरायचं नाही.

बायांनो, पायथ्याशी कोणी उभं आहे असं वाटलं तर दिवा लावा आणि पाहा. दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा, महाराजाला नको. आणि बाटली उन्हात धरण्याआधी आपलं पान उजेडात धरा. काल त्यात काय होतं? जे नव्हतं, ते कोणाच्या वाट्याला गेलं? घरातल्या पुष्कळ भुतांना जेवू घालणारी घरातली बाईच असते. तिनं स्वतः पोटभर जेवून पाहावं, आणि मग सांगावं, भूत उरलं का.