एकशे सत्तेचाळीस नंबरचं स्टूल

वहिनींनी बादली पालथी घातली, एक पाय ठेवून ती नीट बसते का पाहिलं आणि मग दुसरा पाय उचलून वरच्या फळीकडे फडकं नेलं. शेजारीच, लाल दोरीच्या पलीकडे, लाकडी स्टूल होतं. त्यांच्या उंचीला हवं तेवढंच, ना बोटभर कमी ना बोटभर जास्त. पण त्याच्यावर चढायची त्यांना परवानगी नव्हती. ते देशाचं होतं.

"सांभाळून," तारबाबू दारातून म्हणाले.

"तुमच्या देशाला सांगा सांभाळायला. माझं स्टूल पुढ्यात असताना मी या वयात बादलीवर नाचतेय."

तारबाबूंनी दाराची कडी उगाच पुसली. सव्वीस वर्षं या विषयावर ते गप्पच बसत आले होते.

त्यांना तारबाबू म्हणत एवढंच. जन्मात त्यांनी एक तार पाठवली नव्हती. ते जुन्या तारघराचे रखवालदार. राज्यात केंद्र सरकारनं जपलेल्या अकरा जागा होत्या: तीन जंगलं, दोन लांबलचक पायवाटा, एक दरी आणि पाच जुन्या वास्तू. तारघर त्यांतलं शेंडेफळ. एक खोली, एक व्हरांडा आणि मागे रखवालदाराचं बिऱ्हाड. कधीकाळी मोठा पूर आला तेव्हा इथल्या तारवाल्यानं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून खालच्या गावांना रात्रभर इशारे पाठवले होते, म्हणून ही खोली जपलेली. येणारे बहुतेक जण एक छोटं पुस्तक घेऊन यायचे. अकराही ठिकाणचे शिक्के जमवायचे असतात त्यात. तारबाबूंकडून शिक्का मारून घ्यायचा, खोलीत मान घालायची, "एवढंच?" म्हणायचं आणि गाडीत बसायचं. सगळं मिळून सात मिनिटं. वहिनींनी घड्याळ लावून पाहिलं होतं.

आणि ते स्टूल? ते वहिनींच्या वडिलांनी बनवलेलं. बाबा सुतार होते, तेही असे की स्टुलाला खिळा मारणं म्हणजे कमीपणा समजायचे. खाच पाडून पाय बसवायचे आणि वर दोनदा थापटून म्हणायचे, "आता भूकंप आला तरी घर हलेल, हे हलायचं नाही." लेकीची उंची बेताची म्हणून लग्नात त्यांनी तिला स्टूल दिलं. जावयाचं कौतुक होतं, पण सुतारकामातलं नव्हे. तारबाबूंनी ठोकलेल्या फळीवरून डबे आपोआप एका बाजूला चालत जायचे. ते पाहून बाबा म्हणाले होते, "जावईबापू, खिळा तुम्हाला घाबरतो आणि तुम्ही खिळ्याला. संसार कसा व्हायचा?"

नोकरीला दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मोजणीचं पथक यायचं होतं दुसऱ्या दिवशी, ते आलं आदल्या दिवशी. वहिनी नुकत्याच वरची फळी पुसून चहा टाकायला मागे गेल्या होत्या, स्टूल तिथंच राहिलं होतं. पथकानं खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर लाल रंगानं नंबर घातले. स्टुलाच्या पोटावर एकशे सत्तेचाळीस पडला आणि पुढ्यात पाटी लागली: 'तारवाल्याचे बसण्याचे स्टूल, सुमारे शंभर वर्षे जुने.' तारबाबू शेजारी उभे होते. नवी नोकरी, समोर तीन साहेब. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि एकदा यादी वर गेली की ती दगडावरची रेघ.

बाबा नंतर एकदा तारघर बघायला आले, पाटी वाचली आणि व्हरांड्यात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, तारवाला उभा होता ना पाण्यात? मग बसला कधी?" घरी जाईपर्यंत त्यांचं हसू थांबलं नाही. त्यानंतर चार वर्षांनी ते गेले. घर गेलं, हत्यारं गेली, त्यांच्या हातचं म्हणून वहिनींपाशी दुसरं काही उरलं नाही. रोज सकाळी त्या दोरी ओलांडून स्टूल पुसायच्या, आणि फळी पुसायला बादली घ्यायच्या.

आता तारबाबू महिनाअखेर निवृत्त होणार होते.

"एकदाच मागून बघा," त्या रात्रीच्या जेवणानंतर वहिनी म्हणाल्या. "मी आजवर काही मागितलं नाही तुमच्याकडे."

"मागितलं असतं तर दिलं असतं."

"मग आता मागते."

तारबाबूंनी ताटातली रेघ बोटानं पुसली. "यादीतून वस्तू काढायची तर लिहून द्यावं लागेल, की ती कधी तारघराची नव्हतीच. मग विचारतील, सव्वीस वर्षं काय तोंडात मूग धरून बसला होतात? जाताना डाग नको गं. बाकी काय आहे माझ्याजवळ दाखवायला?"

हे खरं होतं, म्हणूनच वहिनींना जास्त लागलं. नाकासमोर चालणारा माणूस. शिक्क्याची शाई सुद्धा त्यानं कधी घरच्या कामाला वापरली नव्हती. त्या उठल्या आणि भांडी जरा मोठ्या आवाजात घासली. दोन दिवस घरात "चहा ठेवलाय" आणि "दार लावून घ्या" याच्या पलीकडे बोलणं झालं नाही.

तिसऱ्या दिवसापासून तारबाबू दुपारी मागच्या शेडमध्ये जाऊन बसू लागले. आतून करवतीचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा, मग हळू आवाजात स्वतःलाच दिलेली शिवी ऐकू यायची.

"काय चाललंय?"

"सामानासाठी खोकी करतोय."

वहिनींनी पुढं विचारलं नाही. त्यांच्या हातची खोकी म्हणजे वाटेतच तळ सोडणार, म्हणून त्यांनी गुपचूप वाण्याकडून पुठ्ठ्याची आणून ठेवली. एकदा तारबाबू अंगठ्याला चिंधी बांधून आले. वहिनींनी अबोला सोडून हळद लावली, चिंधी बदलली आणि नीट गाठ मारून दिली. राग असला म्हणून काय माणूस टाकून देतात?

निघण्याच्या आदल्या दिवशी खात्याच्या मोजणीबाई यादी ताडायला यायच्या होत्या, दुपारी तीनला. त्या आल्या सकाळी दहाला. या खात्याला उशिरा येणं माहीत नव्हतं, हा त्याचा मोठाच दुर्गुण. गाडीचा आवाज आला तेव्हा तारबाबू तारघराचं दार आतून लावून बसले होते. आत काहीतरी सरकवल्याचा, मग मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. वहिनी चहा घेऊन पोचल्या तोवर ते घामाघूम होऊन खोलीच्या मधोमध उभे होते.

"बरं नाही का वाटत?" मोजणीबाईंनी विचारलं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या, बोलायला मोकळ्या होत्या.

"शेवटचा दिवस आहे ना," वहिनींनीच सांगून टाकलं.

मोजणी सुरू झाली. घड्याळ, टेबल, यंत्र, काचेच्या बरण्या. मोजणीबाई नंबर वाचायच्या आणि खूण करायच्या. एकशे सत्तेचाळीसला त्यांनी स्टूल उलटं करून पाहिलं, सरळ ठेवलं आणि त्याच्यावर तळव्यानं भार दिला.

"बघा, शंभर वर्षांचं आहे, पण एक पाय हलत नाही. आमच्या ऑफिसातली खुर्ची वर्षभर टिकत नाही."

"सुतार चांगला होता," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

तारबाबूंना जोराचा ठसका लागला.

"दिसतंच की," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

जाताना मोजणीबाईंनी एक जाड कागद दिला. सव्वीस वर्षांत इथली एकही वस्तू इकडची तिकडे झाली नाही, असं त्यावर शिक्क्यासकट लिहिलं होतं. तारबाबूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. वहिनींचा राग त्या कागदापाशी संपला. मिळालं ना त्यांना हवं ते, असं त्यांनी मनाशी म्हटलं. निघताना त्या एकदा दोरी ओलांडून गेल्या, स्टूल पदरानं पुसलं आणि पाटी सरळ केली.

नवं घर शहरातल्या एका गल्लीत होतं, दोन खोल्यांचं, खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान. हमाल गेल्यावर तारबाबूंनी दार लावलं, खिडक्या लावल्या. मग रजईची वळकटी उघडली आणि आतून स्टूल काढून वहिनींच्या समोर ठेवलं.

वहिनी बघतच राहिल्या.

"घे," तारबाबू म्हणाले. "तुझ्या बाबांचं."

"अहो, पण..."

"तिथं ठेवलंय ते मी केलेलं. तीन आठवडे खपलो. चहाचं पाणी लावून जुनं केलं, खाली नंबर घातला. त्या सकाळी दोन्ही शेजारी ठेवून रंग ताडून बघत होतो आणि बाई आल्या. एक उचललं, शेडमध्ये टाकलं. तेव्हापासून वळून बघायचं धैर्य झालं नाही." ते गादीच्या कडेवर बसले. "सव्वीस वर्षं राखण केली आणि जाता जाता कुंपणानंच शेत खाल्लं. तो कागद मी काही भिंतीवर लावणार नाही."

"चोरी कसली? आपलीच वस्तू."

"तुझी. ते सांगायला मी सव्वीस वर्षं लावली. तेव्हाच बोललो असतो तर तुला बादलीवर चढावं लागलं नसतं."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. या माणसानं, शाईच्या थेंबाचा हिशेब देणाऱ्यानं, त्यांच्यासाठी हे केलं होतं. त्यांनी स्टूल खिडकीशी नेलं, भिंतीला धरून त्याच्यावर पाय ठेवला, दुसरा पाय उचलला.

स्टूल डुगडुगलं.

वहिनी उतरल्या आणि स्टूल उलटं केलं. लाल नंबरातला सात जरा थरथरला होता. चारही पायांच्या मुळाशी भेगा बुजवायची लांबी भरून रंग फासला होता, आणि एका ठिकाणी लांबी निघून आतलं खिळ्याचं डोकं दिसत होतं. शेजारी लाकडावर वाळलेल्या रक्ताचा एक ठिपका होता.

"काय झालं?" तारबाबूंनी विचारलं. "हलतंय का?"

मोजणीबाईंचा तळवा वहिनींना आठवला. एक पाय हलत नाही, म्हणाल्या होत्या. म्हणजे बाबांचं स्टूल तिथंच होतं, दोरीच्या आत, पाटीच्या मागे, सरकारी पहाऱ्यात. बाबा असते तर पुन्हा व्हरांड्यात बसून हसले असते. आणि त्या जाड कागदावरचं अक्षरन् अक्षर खरं होतं. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर समोरचा माणूस सुटला असता. पण मग त्याच्या हाती काय राहिलं असतं? तीन आठवडे आणि कापलेला अंगठा.

त्यांनी स्टूल सरळ केलं.

"जरासं. गाडीत आपटलं असेल."

"बाबांचं आहे ना, होईल नीट," तारबाबू म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आता कुठं थोडा रंग आला होता.

"आता आपणही शिक्क्यांचं पुस्तक घेऊ या," वहिनी म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारलेत. जंगलं बघू, त्या पायवाटा बघू. झेपेल तेवढं चालायचं."

"दहा बघू. अकराव्या ठिकाणी जायला मला तोंड नाही."

"ते सगळ्यात शेवटी. तिथं गेल्यावर मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. तोवर तो कागद ट्रंकेत असू दे."

"आताच सांग की."

"आता नाही." वहिनींनी फडकं झटकलं आणि खिडकीवरच्या फळीकडे पाहिलं. आधीच्या बिऱ्हाडकरूंनी तिच्यावर बोटभर धूळ सोडली होती. "या इकडे. धरा मला जरा."

तारबाबू उठून आले आणि त्यांनी एका हातानं स्टूल, दुसऱ्यानं वहिनींची कोपराजवळची बाही धरली. बाबांच्या स्टुलावर चढताना वहिनींना कधीच कुणाला धरावं लागलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फळी पुसायला चांगला सावकाश वेळ घेतला.