थेंबावरचं तेल

"ताई, वय झालं आता. हात थरथरतो तुमचा. औषध मोजताना चुकत असणार. सोमवारपासून तुम्ही काचसामान धुण्याच्या खोलीत बसा."

सरांनी हे मंगळवारी सांगितलं, तेही दार सताड उघडं ठेवून, प्रयोगशाळेत संशोधन शिकणारी सगळी मुलं ऐकत असताना. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षं त्या उंदराच्या मादीतून गर्भ काढत आल्या होत्या, डोळ्याला जेमतेम दिसणारा एकेक ठिपका, आणि त्यातला एकही त्यांच्या हातून कधी फुटला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. इथे अंगण झाडणारीलाच हाकलत होते.

प्रकरण असं होतं. तीन-चार दिवसांचा गर्भ म्हणजे पेशींचं गाठोडं. आतल्या पेशी दिसायला सारख्याच, पण गप्प बसतील तर शपथ. एक पेशी प्रथिनाचा कण बाहेर सोडते, शेजारीण तो अंगावर झेलते आणि निरोप हातोहात आत जनुकांपर्यंत पोचतो. मग काही जनुकं जागी होतात, काही झोपी जातात. जिला निरोप पोचला ती पिल्लाभोवतीच्या पिशवीच्या अस्तराची पेशी होते, जिला नाही पोचला तिच्यातून पिल्लू घडतं. रंगवल्यावर अस्तराच्या पेशी हिरव्या दिसतात, पिल्लाच्या लाल.

हा निरोप अडवणारं एक औषध आहे. ते घातलं तर आत सगळं लाल दिसायला हवं. सरांच्या बशीत मात्र लाल-हिरवं जसंच्या तसं राहिलं. झालं, सरांनी जगाला सांगून टाकलं की निरोपाची काही गरजच नसते. लेख छापून आला, हारतुरे झाले. आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं: आमच्याकडे सगळं लाल आहे, तुमच्याकडे काय बिघडलं? खापर फोडायला डोकं हवं होतं. ताईंचं डोकं सगळ्यात जवळ होतं.

खरा संताप पुढेच आहे. काय बिघडलं ते ताईंना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. गर्भ ठेवतात इवल्याशा थेंबात, आणि थेंब सुकू नये म्हणून त्यावर तेल ओततात. हे औषध पाण्यात नांदायला तयार नसतं. वर तेल दिसलं की थेंब सोडून तेलात चढतं. तिखटाचा रंग पाणी सोडून तेलात उतरतो हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही कळतं. ताईंनी तेव्हाच सांगितलं होतं. सर हसून म्हणाले होते, "ताई, तुम्ही तेल ओता, विचार आम्ही करतो." मुलंही हसली होती.

त्या संध्याकाळी ताईंनी घरी भांडी आपटली. नवरा वायरमन, जिन्याखालचा दिवा दुरुस्त करत होता. तो म्हणाला, "मला तर धडाधड बोलतेस. तिथे का बोलत नाहीस?"

"बोलले होते. पालथ्या घड्यावर पाणी."

"मग आता बोलू नकोस. दाखव."

बुधवारी ताईंनी त्या दिवसाच्या कामासाठी काढलेल्या गर्भांच्या दोन वाटण्या केल्या. औषध तेच, माप तेच. एका बशीत नेहमीसारखा थेंब आणि त्यावर तेल. दुसरीत तेल नाही; खोलगट खळगा भरून द्राव, वर झाकण, सुकू नये म्हणून कडेला पाणी. दोन दिवस वाढवले, मग रंगवले. शनिवारी दुपारी त्यांनी सरांना हाताला धरूनच सूक्ष्मदर्शकापाशी आणलं म्हणा ना.

तेलाच्या बशीत लाल-हिरवं. बिनतेलाच्या बशीत प्रत्येक गर्भ आतून नुसता लाल.

सरांनी दोन्ही बश्या पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाले, "तेल. मला शंका होतीच."

ताईंनी कामाची वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. इथली पद्धत अशी की दर शुक्रवारी वहीच्या प्रत्येक पानाखाली सरांनी 'वाचलं' असं लिहून सही करायची. चौदा महिन्यांपूर्वीच्या पानावर ताईंच्या अक्षरात होतं: 'औषध तेलात जाईल. या प्रयोगात तेल नको.' खाली 'वाचलं'. खाली सरांची सही.

"मी हे वाचलं नव्हतं," सर हळू आवाजात म्हणाले.

"ते मला माहीत आहे. सही मात्र तुमची आहे."

सरांनी खुर्चीत बसून चेहरा चोळला. "लेख मागे घ्यावा लागेल. मी आत्ताच नियतकालिकाला पत्र लिहितो. चूक तुम्ही शोधलीत असं त्यात घालतो, खाली तुमचीही सही. धुण्याच्या खोलीचं विसरून जा, ताई. अजून काय हवं?"

ताईंना वाटलं होतं, हे ऐकून राग उतरेल. तो उतरला नाही, उलट चढला.

"दोनशे चौदा माद्या," त्या म्हणाल्या. "चौदा महिन्यांत. एकेकीची मान मी मोडली आहे, याच हातांनी. तेव्हा हात थरथरला असता तर त्यांना दुखलं असतं, म्हणून थरथरू दिला नाही. एक ओळ वाचली असतीत तर त्यातली एकही फुकट मेली नसती. पत्रात तो आकडा लिहा."

"असल्या पत्रात असं कोणी लिहीत नाही."

"तुम्ही लिहा."

ते लिहीपर्यंत ताई टेबलाशी उभ्या राहिल्या. पत्र प्रिंटरमधून निघालं. सरांनी उठून पेन पुढे केलं. "इथे सही करा, खाली. बाकी नेहमीचंच आहे."

ताईंनी पेन घेतलं नाही. त्यांनी सरांची खुर्ची ओढली, बसल्या, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. सर पेन धरून उभे राहिले.